हिरव्या दाराचा नियम

बर्फ शनिवारी दुपारीच थांबला होता. रविवारी सकाळी विनी फावडं घेऊन मागच्या दारातून बाहेर पडली, ओसरीपर्यंतची वाट मोकळी करायला, तर वाट आधीच पडलेली होती.

साधीसुधी नव्हे, चांगली मळलेली. मागच्या पायरीपासून निघून, लाकडाच्या छपरीला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं थेट काचेच्या ओसरीपर्यंत. गुडघाभर बर्फात अशी वाट पाडायची तर माणसानं रात्रभर दुसरं काही केलेलं नसावं. थॅडला झोप लागली नसणार, असं तिच्या मनात आलं. धाकट्या भावाची तिला दया आली, आणि पाठोपाठ, बरं झालं, असंही वाटलं.

मंगळवारी वॉशिंग्टनमध्ये मत पडायचं होतं. जहाजं सामुद्रधुनीत आधीच जाऊन उभी राहिली होती, आता लढाईला संसदेनं फक्त 'हो' म्हणायचं बाकी होतं. दोन्ही बाजू इतक्या बरोबरीच्या होत्या की टीव्हीवर रोज त्याच चार-सहा खासदारांची नावं घेत होते, आणि त्यात थॅडचं, थॅडियस हॅसब्रुक हे नाव असायचंच. विनीचा ओवेन त्यांतल्याच एका जहाजावर होता. तिला दुसरं मूल नव्हतं. नवरा केव्हाच फ्लोरिडात दुसरा संसार थाटून बसला होता. तेव्हा देशाचं काय व्हायचं ते होवो, विनीला या आठवड्यात एवढंच हवं होतं की भावानं 'नाही' म्हणावं.

आणि तो नेमका आजच घरी होता, कारण आज हॅसब्रुकांची हिवाळी न्याहारी होती.

ही न्याहारी तिच्या बाबांनी, एव्हरेटनं सुरू केली. तोही याच गावचा, याच जागेवरचा खासदार. जानेवारीतल्या एका रविवारी, चर्च सुटलं की, गावातली आणि विशेषतः केटरिज कारखान्यातली बडी मंडळी या घरी येत. कुट्टूच्या पिठाचे जाडजूड पॅनकेक, त्यांवर आपल्याच झाडांचा मेपलचा पाक, तळलेले सॉसेज, आणि किटल्या भरभरून कॉफी. येणारे पुढच्या निवडणुकीसाठी यथाशक्ती देणगी देत आणि ज्यांची शक्ती मोठी ते मोठी देत. केटरिजमध्ये क्षेपणास्त्रांची पोटं तयार होत. अर्धं गाव त्यावर जेवत होतं, उरलेलं अर्धं त्या जेवणाऱ्यांना भाजी आणि बूट विकत होतं.

पण हॅसब्रुकांच्या घरात कुणी काही विकलं, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्याचं कारण ते हिरवं दार.

खासदारानं सरकारी कचेरीत बसून निवडणुकीचे पैसे मागायचे नाहीत, हा नियम सगळ्यांनाच आहे. वॉशिंग्टनमध्ये ते बिचारे त्यासाठी रस्ता ओलांडून दुसऱ्या इमारतीत जातात आणि तिथून फोन लावतात. एव्हरेटनं तो रस्ता घरी आणला. पैशाचं बोलणं काचेच्या ओसरीत, मताचं बोलणं जेवणघरात. ओसरी मागाहून जोडलेली, तिच्यातून घरात यायला एकच हिरवं दार होतं आणि ते जेवणघरात उघडायचं. एव्हरेटनं ते बंद केलं. कुलूप नाही, खिळा नाही, नुसतं लावून घेतलं. त्या दिवसापासून इकडून तिकडे जायचं तर कोट-टोपी चढवायची, बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा आणि मागच्या दारानं आत यायचं. "दोन गोष्टींच्या मध्ये माणसाला जरा थंडी लागली पाहिजे," तो म्हणायचा. पाहुणे हसायचे, पण मुकाट्यानं वळसा घालायचे. या दाराची गोष्ट एकदा वर्तमानपत्रातही आली होती, आणि ते कात्रण फ्रेम करून जेवणघरातच लावलेलं होतं.

एव्हरेट जाऊन बरीच वर्षं झाली. नियम चालूच राहिला, आणि तो चालवायचं काम विनीकडे आलं. थॅडची देणग्यांची सगळी बाजू तीच सांभाळायची. ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत बसून, बाहेर पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांकडे बघत, ती दिवसचे दिवस फोन करायची. काय बोलायचं याचा तिला आता विचारही करावा लागत नसे. बाबांची चार वाक्यं होती, ती पुरत असत.

फावडं न वापरताच ती परत जेवणघरात आली. आई शेगडीपाशी तिच्या खुर्चीत होती. ऑगस्टाला आता उजेड-अंधार सोडून फारसं काही दिसत नव्हतं, पण कान असे होते की वरच्या मजल्यावर कुणी पायताण बदललं तर खाली तिला कळायचं.

"कोण गं? विनी का?"

"मीच. थॅड उठला?"

"तो कुठला उठतोय. घोरतोय अजून. रात्रभर घोरत होता, मार्गो कशी झोपते देव जाणे."

विनी हातमोजे काढता काढता थांबली. "मग बाहेर कोण चालत होतं?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "पहाटेपासून चाललंय. भिंतीच्या बाजूनं येतात आणि जातात. आत मात्र येत नाहीत. म्हटलं, एव्हरेटनं पाठवलं असेल."

"आई, बाबा..."

"मला माहीत आहे बाबा कुठे आहेत. मी पुरलंय त्यांना. वेड नाही लागलं मला." तिनं शाल ओढून घेतली. "मी सांगितलं ते फक्त ऐकू आलेलं. दोघं होते. पावलं जोडीनं पडत होती."

 दोघं म्हणजे कोण, हे विनीला आईला विचारायची गरज नव्हती.

ज्यूड, त्यांचा थोरला, वाळवंटातल्या लढाईत गेला तेव्हा विनी वीस वर्षांची होती. ते सांगायला लष्कराचे दोन अधिकारी आले होते, जोडीनं, गणवेशात, टोप्या काखेत. रस्त्यावरून पहिली ओसरी लागते म्हणून ते ओसरीत आले. एव्हरेट तिथे फोनवर होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, कशासाठी आलेत ते त्याला दिसलं, आणि त्यानं फोनवर तळहात ठेवून त्यांना म्हटलं, "लढाईचं बोलणं इथे नको. कृपा करून बाहेरून या." आणि ते दोघं निमूट बाहेर पडले. जेवणघरात आई पीठ भिजवत होती. भिंतीपलीकडून जोडीनं चालत येणारे बूट तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. ज्या लढाईत मुलगा गेला तिला एव्हरेटनं स्वतः 'हो' म्हटलं होतं. पण त्या दिवशी त्यानं नियम मोडला नाही, याचं लोकांना फार कौतुक वाटलं. विनीलाही तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

तिनं खिडकीतून पुन्हा त्या वाटेकडे पाहिलं. वाट रुंद होती. एका माणसाची नव्हतीच.

"उठलात का सगळे?" मार्गो, थॅडची बायको, केस बांधत जिना उतरली. "विनी, तू वाट केलीस? देव भलं करो तुझं. मला वाटलं मलाच फावडं घ्यावं लागणार."

"मी नाही केली."

"मग थॅडनं केली असेल," मार्गो म्हणाली आणि तव्याकडे वळली. मार्गोचा स्वभावच तसा, जे झालंय त्याला कुणीतरी धनी शोधून दिला की तिचा जीव भांड्यात पडायचा. "आणि हे बघ, आज ओवेनचं काढू नकोस हं. म्हणजे आम्हाला काळजी नाही असं नाही. पण लोक जेवायला येताहेत."

"कुठे काढू मग? ओसरीत मताचं बोलायचं नाही, जेवणघरात लोक जेवताहेत. अंगणात उभी राहून ओरडू?"

"ओरड," आई शेगडीपाशी बसूनच म्हणाली. "तिथे ऐकणारे आहेत."

मार्गोनं विनीकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे म्हातारीचं आता असंच चालायचं. विनीनं मान वळवली.

चर्च सुटल्यावर मंडळी आली. आधी ओसरीत कॉफी, गप्पा, पाठ थोपटणं, आणि ज्याला जे द्यायचं ते देणं. विनी दाराशी उभी राहून सगळ्यांशी हसून बोलत होती. केटरिजचे उपाध्यक्ष हॅल प्रेंटिस नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी आले. मऊ आवाजाचा, नीटनेटका माणूस. विनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा यांनी स्वतः सूप आणून दिलं होतं. असल्या माणसाचा राग धरणं हे मोठं जिकिरीचं काम असतं.

मग सगळे कोट चढवून बाहेर पडले आणि एकामागून एक त्या वाटेनं निघाले. "यंदा वाट झकास केलीय," प्रेंटिस म्हणाले. कुणीतरी म्हणालं, "खासदारसाहेबांना सवय आहे, वळसे घालायची." सगळे हसले. विनी शेवटी होती. पुढच्या बुटांचा करकर आवाज थांबला, सगळे आत गेले, तरी तिला वाटलं की आपल्या मागे अजून करकर चालू आहे. तिनं वळून पाहिलं नाही. पायरीवर बूट झटकले आणि आत शिरली.

जेवणघरात वाफ, पाकाचा वास आणि काट्या-सुऱ्यांचा किणकिणाट. थॅड टेबलाच्या टोकाला, बाबांच्या जागी बसला होता. देखणा माणूस, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका मिसेस डेलाहे कुणाची भीड न धरणाऱ्या. त्यांनी पॅनकेकवर पाक ओतत विचारलं, "काय रे थॅडियस, मंगळवारी काय करणार आहेस?"

टेबलावरचा आवाज जरा उतरला. प्रेंटिस आपल्या सॉसेजचे तुकडे करत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं सांगू?" थॅड म्हणाला. "अजून ठरवलं नाही. कुणाच्या सांगण्यानं ठरवणारही नाही. रोज रात्री कागद वाचतो. एकदा वाटतं, हे होऊ नये. माझा भाचा तिकडे आहे." त्यानं विनीकडे पाहिलं, आणि क्षणभर तो तिला सोळा वर्षांचा दिसला, ज्यूडच्या शवपेटीपाशी उभा असलेला. "पण जहाजं तर गेली आहेत ना?"

मग तो खाकरला. त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, बोटं जराशी मुडपून.

"आपली पोरं तिकडे उभी आहेत," तो म्हणाला, आणि थांबला. "त्यांना रिकाम्या हातांनी उभं कसं ठेवायचं?"

विनीच्या हातातली किटली कलंडली आणि कॉफी मेजपोसावर सांडली. वाक्य बाबांचं होतं, ते ठीक. ते सगळ्यांनाच पाठ होतं. पण ते खाकरणं, तो थांबा, तो तळवा? आवाजसुद्धा थॅडचा नव्हता. जाड, छातीतून येणारा, 'उभं' वर किंचित अडणारा. शेगडीपाशी आईनं मान वर केली आणि त्या दिशेनं आंधळे डोळे लावून ऐकत राहिली.

"अगदी एव्हरेट," मिसेस डेलाहे हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी काटा खाली ठेवला.

मंडळी पांगली ती नेहमीपेक्षा लवकर. प्रेंटिस आपला मफलर ओसरीत राहिला म्हणून परत बाहेरून ओसरीकडे गेले. विनीनं जेवणघराचं मागचं दार लावून घेतलं आणि वळली.

"थॅड, तू नाही म्हण."

"विनी," मार्गो म्हणाली, "आत्ताच नको."

"तू गप्प बस गं. मी माझ्या भावाशी बोलतेय."

"आणि तो माझा नवरा आहे! कारखाना बंद पडला तर लोक तुझ्या दारात येत नाहीत, माझ्या येतात. वाण्याच्या दुकानात लोक तोंड फिरवतात ते मला बघून."

"दुकानात तोंड फिरवलं म्हणून माझं पोर..."

"बास!" थॅडनं टेबलावर हात आपटला. मग डोकं दोन्ही हातांत धरलं. "मला कुणी काही सांगितलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो, विनी. केटरिजवाल्यांनी इतक्या वर्षांत मला एकदासुद्धा म्हटलं नाही की असं मत दे. एकदासुद्धा! मी त्यांच्याशी या विषयावर बोललेलोच नाही. तूच तर राखलास तो नियम."

"मग त्यांना जे हवं तेच तुझ्या तोंडात कसं येतं?"

"मला पटतं म्हणून येतं."

"मघाशी कोण बोललं, थॅड?"

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्यालाही ते जाणवलं होतं, हे विनीला कळलं.

"मला वाटलं, ती वाट तू केलीस," तो एकदम वेगळंच बोलला. "सकाळी खिडकीतून पाहिली. म्हटलं, विनीला झोप नाही."

 विनीनं कोट अंगावर टाकला आणि बाहेर पडली. तिला आता प्रेंटिसांच्या तोंडून ऐकायचं होतं, तेही ओसरीत, जिथे बोलायचं नाही तिथेच. भिंतीच्या कडेनं जाताना तिनं पायांकडे पाहायचं टाळलं. तरी दिसलंच. पाहुण्यांच्या पायांनी वाट तुडवून सपाट झाली होती, आणि त्या सपाट बर्फावर बुटांचे ताजे, कोरे दोन जोड उमटले होते. जोडीनं. मागच्या दाराकडे जाणारे.

प्रेंटिस मफलर गळ्याला गुंडाळत होते.

"हॅल, तुम्हाला मंगळवारी काय हवंय?"

ते दचकले. मग हिरव्या दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "विनी, इथे नको."

"इथेच. मला नियम शिकवू नका, मी लोकांना शिकवलाय. काय हवंय?"

"मला? काहीच नाही." आणि विनीला भीती वाटली ती याची, की तो माणूस खरं बोलत होता. "मी थॅडकडे आजवर काही मागितलेलं नाही. माझ्या आधीच्यांनी तुझ्या बाबांकडे मागितलं नाही. आम्ही चांगल्या माणसांना मदत करतो. ती माणसं त्यांना योग्य वाटेल तसं मत देतात. ते आमच्या मनासारखं असतं हे आमचं नशीब."

"नेहमीच असतं?"

"हो," ते म्हणाले, आणि हे त्यांनाही पहिल्यांदाच जाणवल्यासारखे जरा थांबले. "नेहमीच."

"आणि ते वाक्य?"

"रिकाम्या हातांचं? ते तर आमच्या कँटीनच्या भिंतीवर रंगवलंय, तुझ्या बाबांच्या नावानं. आमचे जुने लोक म्हणायचे की ते मुळात कारखान्यातल्याच कुणाचं. तुझे बाबा म्हणायचे की त्यांचं. मी मात्र सगळ्यात जास्त वेळा तुझ्याच तोंडून ऐकलंय, फोनवर." त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "ओवेनसाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. बायको आणि मी, दोघंही."

ते गेले. गाडी सुरू झाली, रस्त्याला लागली. ओसरीत विनी एकटी उरली. काचांवर वाफ धरली होती. भिंतीपलीकडून जेवणघरातलं बोलणं ऐकू येत होतं, स्पष्ट, शब्दनशब्द, आणि तिला कळेना की इतकी वर्षं इथे बसून आपण ते कधी ऐकलं कसं नाही. की ऐकलं होतं?

मार्गो रडत होती. थॅड म्हणत होता, "ती बरोबर बोलतेय, मार्गो. मला नाही म्हणायचंय. मनातून मला नाहीच म्हणायचंय. मला फक्त कुणीतरी तसं म्हणून दाखवायला हवंय."

विनीचं काळीज उसळलं. बाहेरून जायला मिनिटभर लागलं असतं. पण बाहेर ते पाय उमटले होते, त्या वाटेवर पुन्हा पाऊल टाकायची तिची छाती नव्हती, आणि मिनिटभरात थॅड पुन्हा बदलला असता. ती हिरव्या दाराशी गेली आणि तिनं त्याची मूठ धरली.

चाळीस वर्षं न उघडलेलं दार. फुगलं असेल, अडकेल, किंचाळेल म्हणून तिनं खांदा लावला. दार पाण्यासारखं उघडलं. बिजागऱ्यांत ताजं तेल चमकत होतं. उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजून खोलगट झालं होतं, रोज खूप पावलं जातात तिथे होतं तसं. ती त्या खोलगटात पाय ठेवून उभी राहिली, आणि पाय त्यात नीट बसला.

जेवणघरात तिघांचीही तोंडं तिच्याकडे वळली होती. मार्गोनं तोंडावर हात नेला.

थॅड उठून उभा राहिला. त्याला राग आला नव्हता. उलट त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, कितीतरी वर्षांचं आवळलेलं.

"आलीस," तो म्हणाला. "बरं झालं, इकडूनच आलीस." तो टेबलाला वळसा घालून पुढे आला. डोळे भरले होते. "ऐक. मी एव्हरेट हॅसब्रुकचा मुलगा म्हणून नाही बोलत. ओवेन तुझा आहे. ज्यूड गेला तेव्हा बाबांना कुणी अडवलं नाही. आईनं नाही, तू नाही, मी नाही. तू आता या खोलीत, माझ्यासमोर, 'नको' म्हण. एकच शब्द. मी परवा नाही म्हणतो. केटरिज गेलं खड्ड्यात, जागा गेली खड्ड्यात. म्हण, विनी."

 मार्गोनंसुद्धा डोळे पुसून मान हलवली, की म्हण.

विनीनं ओवेनचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. निघताना त्यानं तिचे हात हातात घेतले होते. मोठे, गरम हात, नखांत गाडीचं तेल. शब्द तिच्या जिभेवर होता. इतका सोपा शब्द तिनं आयुष्यात कधी जिभेवर घेतला नव्हता. थॅड वाट पाहत होता, मान किंचित पुढे काढून, शब्द झेलायला तयार.

तिला घसा साफ करावासा वाटला. ती खाकरली.

टेबल जवळच होतं. तिचा उजवा हात त्यावर टेकला.

"आपली पोरं तिकडे उभी आहेत," ती म्हणाली.

तो आवाज ऐकून ती स्वतःच चरकली. थांबायला हवं, तिच्या मनात आलं, आणि ती थांबलीही, नेमकी जिथे थांबायचं असतं तिथे.

"त्यांना रिकाम्या हातांनी उभं कसं ठेवायचं?"

 शेगडीत लाकूड खचलं. विनीनं खाली पाहिलं. टेबलावर तिचा तळवा वर होता, बोटं जराशी मुडपलेली. नाही, नाही, हे नव्हतं म्हणायचं, असं तिला ओरडायचं होतं. पण ओरडण्यासाठी तिनं तोंड उघडलं तेव्हा तिला जाणवलं की आत दुसरं वाक्य तयार आहे, त्यामागे तिसरं आहे, चारही आहेत, आणि त्यांच्यापलीकडे काही नाही. तिनं तोंड मिटून घेतलं.

थॅडनं लांब श्वास सोडला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, तिच्या डोळ्यांदेखत. "ठीक आहे," तो म्हणाला, हळू, जवळजवळ प्रेमानं. "तूच असं म्हणतेस, तर मग प्रश्नच नाही."

शेगडीपाशी ऑगस्टाच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. तिनं उघड्या दाराकडे तोंड वळवलं, जिथे तिची मुलगी उभी होती तिकडे.

"एव्हरेट," ती म्हणाली, "किती उशीर केलास. दार लावून घे ना, गार वारा येतोय." मग तिनं मान कलती करून भिंतीकडे कान दिला, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. "ते दोघं आले बघ. येऊ देत. बाहेरूनच येताहेत."

विनीनं मागे हात नेऊन हिरवं दार लावलं. त्याचा आवाज झाला नाही. म्हणून भिंतीपलीकडची, जोडीनं येणाऱ्या बुटांची करकर आता सगळ्यांनाच ऐकू आली.